अर्ध्या तासानंतरची सभा

लोकसभेचा निकाल लागला त्या दिवशी बोरिवलीच्या 'सागरछाया' सोसायटीतल्या दत्ताराम परबांनी ऑफिसला चक्क दांडी मारली. सकाळपासून टीव्हीसमोर बसून त्यांनी एकेका फेरीचे आकडे असे ऐकले, की जणू स्वतःच उभे आहेत. कोण जिंकलं, कोण पडलं याच्याशी आपल्याला इथे कर्तव्य नाही. परबांच्या मनासारखं बरंच झालं, थोडं राहिलं. तुमचंआमचं होतं तसंच. पण संध्याकाळी देवापाशी दिवा लावून ते बायकोला म्हणाले, "जानकी, कोट्यवधी माणसं भर उन्हात रांगेत उभी राहिली गं! केवढी मोठी गोष्ट आहे ही. आता बघ, देश बदलणार!"

"बदलू दे की," जानकी म्हणाली, "पण आधी तेवढा मोरीतल्या नळाचा वायसर बदला."

परब माणूस सरळ मनाचा. वडील गिरणी कामगार. मत द्यायला जाताना ठेवणीतला इस्त्रीचा सदरा घालायचे. ती आस्था मुलात उतरली होती. पुढे रोज सकाळी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परबांचा लांबलचक मेसेज पडू लागला. नव्या सरकारने रेल्वेचं काय करावं, शाळांचं काय करावं, परराष्ट्र खात्याने कुणाला काय सुनवावं. लोक अंगठा दाखवून पुढे जात.

सप्टेंबरात सोसायटीच्या वार्षिक सभेची नोटीस लागली. आता ही सभा कशी असते ते सोसायटीत राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. ठरल्या वेळी चार डोकी जमतात. कोरम भरत नाही. मग सभा अर्धा तास तहकूब होते आणि अर्ध्या तासाने तीच सभा पुन्हा भरते, तेव्हा मात्र कोरम लागत नाही. हजर असतील ते ठरवतात. बाकीचे बटाटेवड्याचा वास आला की सावकाश उतरतात. परब तर वड्यासाठीही उतरत नसत.

"मी जाऊन येऊ का?" जानकीने विचारलं.

"जाऊन करणार काय? लिफ्ट आणि गटार, दुसरं काय असतं तिथे? बस इकडे. सरकारच्या शंभर दिवसांवर चर्चा लागलीय."

दुसऱ्या दिवशी परब ऑफिसला निघाले, तर फाटकाबाहेर गलका! सरूबाई कोळीण रस्त्याच्या कडेला बसली होती आणि वळणाऱ्या रिक्षाच्या धक्क्याने तिची पाटी उलटली होती. बांगडे, मांदेली, सगळं गटारात. म्हातारी हाती लागेल ते गोळा करत होती.

ही सरूबाई गोराईची. बोटीने खाडी ओलांडून, पाटी डोक्यावर घेऊन वर्षानुवर्षं या इमारतीत यायची. परबांची आई अंथरुणाला खिळली आणि तिला अन्न जाईना, तेव्हा याच बाईने कुणी न सांगता रोज चार मुडदुशा वेगळ्या काढून आणल्या होत्या. आजाऱ्याला हाच मासा पचतो म्हणून जिन्याने वर येऊन, साफ करून द्यायची. आईने शेवटचे घास खाल्ले ते त्याच कालवणाचे. असले उपकार फिटत नसतात आणि फेडायचेही नसतात, आठवायचे असतात.

"सरूमावशी, तू इथे रस्त्यावर का बसलीस गं?" परब धावत गेले.

"आत सोडत नाय ना, दादा. काल सभा झाली तुमची, तिच्यात ठरलंय म्हणं. फेरीवाला आत घ्यायचा नाय." तिने पदराने तोंड पुसलं आणि साधेपणाने विचारलं, "तुमी होतात ना सभेला? तुमी काय बोललात?"

परबांनी तिला पाटी उचलून दिली, आणि लाजेचं रूपांतर संतापात व्हायला आपल्याकडे वेळ लागत नाही, तसे ते तडक तळमजल्यावर अध्यक्ष हर्षदभाईंच्या दारात जाऊन उभे राहिले.

"हर्षदभाई, ही काय हुकूमशाही लावलीय? कुणाला विचारून ठरवलंत?"

हर्षदभाई कापडाच्या धंद्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. जन्म बोरिवलीतला, मराठी तुमच्याआमच्यासारखं. त्यांनी परबांना बसवलं, चहा मागवला.

"विचारलं ना. बोर्डावर नोटीस लावली, ग्रुपवरही टाकली. तुमच्या मेसेजच्या खालीच होती, दिसली नसेल. चौथ्या मजल्यावरच्या आकाशचं दारातून पार्सल चोरीला गेलं, म्हणून त्याने ठराव मांडला. सात जण होतो. पाच बाजूने, दोन विरोधात."

"आणि तुम्ही?"

"विरोधात. माझ्या घरात मासा सोडा, कांदाही शिजत नाही. पण पोट तर सगळ्यांना असतं ना, परबभाई."

"मग करा की रद्द! अध्यक्ष आहात तुम्ही!"

"अध्यक्ष आहे, राजा नाही. आज तुमच्या मर्जीने रद्द केला, तर उद्या तुमच्या मर्जीविरुद्धही करीन, चालेल? सहा महिने या ठरावाला हात लावता येत नाही, तसा नियमच आहे." हर्षदभाईंनी चहाचा कप पुढे सरकवला. "राग मानू नका, एक बोलतो. सरकारकडे तुम्ही रोज जाब मागता. मागायलाच पाहिजे. पण काल खाली सात जणांत तुमचं एक मत किती जड झालं असतं! तुम्ही दोघं आला असतात, चार घरं बोलावली असतीत, तर ती बाई आज रस्त्यावर नसती. आणि माझं म्हणाल तर मी अकरा वर्षं ही खुर्ची सोडायला बघतोय. दर वेळी बिनविरोध! लोकांनी मला निवडलं असं मला वाटतच नाही हो. मला इथे विसरून सगळे घरी गेलेत."

परबांचा चहा निवून गेला. देश बदलण्याची वाट बघणाऱ्या माणसाला स्वतःच्या जिन्याखाली काय ठरतं याचा पत्ता नव्हता! त्यांना आईची आठवण आली आणि मान खाली गेली.

ते सहा महिने सरूबाईने फाटकाबाहेर काढले. परबांनी तिला स्टूल आणि मोठी छत्री नेऊन दिली, पण वरची म्हातारी माणसं फाटकापर्यंत येऊ शकत नव्हती. तिचा धंदा निम्म्यावर आला. "दादा, आता बोरिवली सोडावी म्हणते," ती एकदा म्हणाली, तेव्हा परबांना रात्री जेवण गेलं नाही.

मार्चमध्ये त्यांनी सभासदांच्या सह्या घेऊन विशेष सभेची मागणी केली. हर्षदभाईंनी आधीच बजावलं, "ही मागणीवरून बोलावलेली सभा आहे. अर्ध्या तासात कोरम भरला नाही तर तहकूब होत नाही, बरखास्त होते. मग विषय संपला." परब घरोघर फिरले. प्रत्येक दारात "येतो ना, नक्की येतो" असं ऐकून खूश होऊन परतले.

सभेच्या संध्याकाळी खुर्च्या मांडल्या. दहा मिनिटं गेली, वीस गेली. खुर्च्या रिकाम्याच. परबांचा चेहरा उतरला. "सगळे नक्की येतो म्हणाले होते गं," ते जानकीला म्हणाले.

जानकीने कपाळावर हात मारला. "अहो, येतील की! नेहमीसारखे अर्ध्या तासाने येतील! आज दुसरी सभा नाही, हे सांगितलंत का कुणाला?"

सांगितलं नव्हतं! ऐन मोक्याला वाट लागायची वेळ. परब पन्नाशी विसरून जिना चढत सुटले, जानकी दुसऱ्या विंगेत धावली. बेल, बेल, पुन्हा बेल! "आज दुसरी सभा नाही! आत्ता चला, तसेच चला!" आणि मंडळी, लोक आले! कुणी कणकेच्या हातांनी आलं, कुणी हातात रिमोट घेऊन, दुसऱ्या मजल्यावरच्या मालनताई तर अर्धी वेणी तशीच सोडून आल्या. हर्षदभाईंनी डोकी मोजली आणि टेबलावर थाप मारली. "कोरम झाला!"

आकाश आपणहून उठला. "मला खरंच माहीत नव्हतं, त्या मावशी इतक्या जणांना हव्या आहेत. त्या दिवशी कुणी काही बोललंच नाही ना! नेहमीच्या लोकांना आपण फोटोचा पास देऊ. माझी हरकत नाही." हात वर झाले, आणि सगळ्यात आधी वर गेला तो कांदाही न खाणाऱ्या हर्षदभाईंचा.

मग परब उभे राहिले. ग्रुपवर पानंच्या पानं लिहिणाऱ्या माणसाला चार वाक्यं बोलताना घाम फुटला.

"हर्षदभाई, अकरा वर्षं तुम्ही पाण्याच्या टँकरपासून लिफ्टपर्यंत सगळं ओढलंत. आम्ही नुसत्या तक्रारी केल्या, आभार मानायचे राहूनच गेले. ते आज मानतो. आणि पुढच्या निवडणुकीत माझं नाव लिहा. आता तुम्ही बसा, मी धावतो."

टाळ्या वाजल्या. हर्षदभाईंनी चष्मा काढून बराच वेळ पुसला.

दुसऱ्या सकाळी सरूबाई फाटकातून आत आली ती थेट हर्षदभाईंच्या दारात. पाटीवरच्या फडक्यात वेगळी बांधलेली लाल माठाची जुडी तिने उंबऱ्याबाहेर ठेवली. "मासली तुमाला चालत नाय, भाई. म्हणून वाडीतली भाजी आनली. पैशे नको. तुमी माझ्यासाठी हात वर केलात ना, म्हणून."

हर्षदभाईंनी जुडी दोन्ही हातांनी उचलली. मागे उभ्या परबांना भरून आलं. देशाबद्दलची त्यांची आशा त्या दिवशी तसूभरही कमी झाली नाही. उलट ती आता टीव्हीतून उतरून त्यांच्या हातापायांत आली.

नागरिकहो, मत देऊन आलो की आपल्याला वाटतं, आपलं काम झालं, आता निवडून दिलेल्यांनी करावं. पण जो घरी बसतो त्याचंही मत मोजलं जातं. फक्त ते हजर असलेल्याच्या पारड्यात पडतं. तेव्हा दिल्लीकडे आशेने जरूर बघा. पण आपल्या सभेची नोटीस लागली तर ठरल्या वेळी खाली उतरा, आणि आपल्यासाठी राबणारा कुणी तिथे एकटा बसलेला दिसला, तर आधी त्याचे आभार माना आणि मग शेजारची खुर्ची ओढून बसा.