डाव्या गुडघ्यावरचा पट्टा

सोमवारी सकाळी सात वाजता मुळगावच्या रस्त्यावरून एक ट्रक गेला आणि खुर्चीत बसलेल्या गंगाकाकीचा डावा पाय जमिनीवर करकचून दाबला गेला.

सून हर्षा चहा घेऊन येत होती. "आये, पाय कित्याक दाबतंस?"

"मी खंय दाबतंय? ते दाबतत."

मित्रांनो, मी त्याच गुडघ्यावर होतो. मी एक जुना गुडघ्याचा पट्टा आहे. जाड, ताणले जाणारे कापड, दोन्ही कडांना पोलादी पट्ट्या, वर-खाली चिकटपट्टी. म्हापशाच्या एका औषधाच्या दुकानात मी खिळ्याला टांगलेला असायचो. तिथून मला गंगाकाकीच्या नवऱ्याने, शिवदासने नेले. तो सिंधुदुर्गातून गोव्यातल्या खाणीवर ट्रक चालवायला आला होता. क्लच दाबून दाबून त्याचा डावा गुडघा गेला होता. "ह्यो आसा म्हणान गाडी चलता," असे तो सगळ्यांना सांगायचा. खनिजाची लाल धूळ माझ्या विणीत बसली. ती धुऊनही निघाली नाही.

शिवदास वारला. बाराव्याला त्याचे कपडे देऊन टाकले. मी मागच्या दोरीवर वाळत होतो, म्हणून राहिलो.

पुढे गंगाकाकीचाही डावा गुडघा धरला आणि तिने मला बांधले. दुखणे तिथल्या तिथे थांबले. मात्र ती पायरी चढू लागली ती ट्रकच्या केबिनमध्ये चढल्यासारखी, आधी हाताने धरून अंग वर ओढत. हर्षाला वाटले, आपण रोज दुधातून देतो त्या सांधेदुखीच्या पावडरीचा हा गुण. शेजारचा सगुण हसायचा, "काकी, आता लायसन काढ!"

डॉक्टर गौरवींनी एक्स-रे पाहिला. "कुर्चा, म्हणजे सांध्यातली गादी, संपलीय. हाडावर हाड घासतंय. पावडरीने ती परत येणार नाही. दुखत कसं नाही तुम्हाला?" गुडघा बदलला नाही तर पाय वाकडा होऊन कायमचा अडेल, असे त्यांनी बजावले.

गंगाकाकीने मान हलवली. "नवो गुडघो घातल्यार ते खंय रवतले?"

"बाबा गेले गे आये," मुलगा सुदेश म्हणाला. "तुझो पाय तरी रवांदे."

ती ऐकेना. शेवटी देवाला प्रसाद लावायचा, म्हणजे कौल घ्यायचा, असे ठरले. मूर्तीवर ओल्या पाकळ्या चिकटवतात. उजवी आधी पडली तर गुडघा बदलायला होकार, डावी पडली तर नकार.

मित्रांनो, पट्टा आधार देतो, झीज भरून काढत नाही. मला हाताने धुवा, सावलीत वाळवा, झोपताना सोडून ठेवा. आणि एका माणसाचा पट्टा त्याच्या माघारी दुसऱ्याला बांधू नका. हे मला आधी कुणी विचारले नाही.

आज सकाळी पुजाऱ्याने पाकळ्या लावल्या. इस्पितळाने खाट संध्याकाळपर्यंत राखून ठेवली आहे. सुदेश मूर्तीसमोर उभा आहे. उजवी पाकळी थोडी खाली सरकली आहे, पडलेली नाही.

गंगाकाकी सभामंडपात बसली आहे. "चला, जावया आता," ती हळूच म्हणाली. कोणाला, ते तिने सांगितले नाही. मग तिने माझ्याकडे हात नेला. वरची चिकटपट्टी सुटली आहे. खालची ती ओढते आहे, अजून सुटलेली नाही.