कळसाच्या जागी ट्रक

मी एक जुना फळा आहे आणि मित्रांनो, कित्येक वर्षं माझ्यावर कोणालाच काही लिहिता येत नव्हतं. फळ्याला याहून मोठी कैद कोणती?

चूक ललिताबाईंची. कोथरूडला त्या दहावीच्या मुलांची मराठीची शिकवणी घेत. गोष्ट कशी चढते-उतरते ते दाखवणारा कथालेखनाचा डोंगर दर तुकडीला नव्यानं काढायचा कंटाळा आला, म्हणून त्यांनी तो पांढऱ्या ऑइलपेंटनं माझ्यावर रंगवूनच टाकला. पायथ्याशी 'ओळख', चढावर 'अडचण', शिखरावर 'कळस', उतारावर 'शेवट'. खाली सूचना: 'पुसायचा प्रयत्न करू नये.' आधी मी मिरवलो, मग गुदमरलो. खडू अंगावरून नुसता घसरायचा.

मुलंही त्यातच अडकली. कळस आला की प्रत्येकाच्या वहीत ट्रक यायचा आणि कोणीतरी त्याखाली जायचं.

"पुण्यात एवढे ट्रक आहेत का रे?" बाई विचारायच्या.

एकदा त्यांच्यातल्या सृष्टीची वही कोरी राहिली. तिचे वडील दशरथराव वर्ध्याहून येऊन हडपसरच्या कारखान्यात लागलेले. आता तिथे नवी यंत्रं आली होती आणि माणसांना स्वेच्छानिवृत्तीचे अर्ज वाटले होते.

"बाई, आमच्याकडे अपघात झालाच नाही. बाबा उद्या अर्जावर सही करतील, मग आम्ही वर्ध्याला परत. मला दहावी इथूनच द्यायचीय."

"बाबांना सांगितलंस?"

"नाही."

"मग कळस व्हायचाय अजून. त्याला ट्रक लागत नाही. ज्याची गोष्ट, त्याला काहीतरी हवं असतं. ते मागायची वेळ येते, गप्प राहून भागत नाही, तिथं कळस."

संध्याकाळी दशरथराव तिला न्यायला आले. ती माझ्याकडे पाठ करून उभी राहिली. दप्तर तिनं खांद्याला लावलंच नाही. माझा जीव नुसता टांगणीला लागला.

"बाबा, मला नाही जायचं."

दशरथराव मुलांच्या बाकावर बसले. म्हणाले, "मलेबी नाही जायचं, बेटा. मले कोनी इचारलंच नाही."

त्यांनी सही केली नाही. नोकरी किती दिवस टिकेल कोणालाच ठाऊक नव्हतं, पण सृष्टीनं परीक्षा पुण्यातूनच दिली.

बाईंनी पॉलिश पेपर आणून माझ्यावरचा 'कळस' तेवढा घासून काढला. फार झोंबलं, पण आता तिथं प्रत्येक मूल आपापला कळस खडूनं लिहितं. बाकीचा डोंगर अजून अंगावर आहेच. म्हणून सांगतो मित्रांनो, फळा रोज ओल्या फडक्यानं पुसा, पण त्याच्यावर कायमचं काही रंगवू नका. आणि घरात कोणी गप्प बसलं असेल, तर त्याला काय हवंय ते आधी विचारा.