पुसलेला ठिपका

फोटोतला दोष मला खपत नाही. कपाळावरचा फोड, नवरदेवाच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं, सासूबाईंची दुहेरी हनुवटी, सगळं मी कॉम्प्युटरवर साफ करून देते. त्यामुळे डोळ्यांच्या दवाखान्याने छापायला दिलेल्या पोस्टरवर बाळाच्या बुबुळात पांढरा ठिपका दिसला, तेव्हा मी कुणाला न विचारता तोही काळा केला आणि पन्नास प्रती काढून मोकळी झाले.

न्यायला आलेल्या सिस्टरने पोस्टर उलगडलं आणि कपाळावर हात मारून घेतला.

"अहो बाई, ज्याच्यासाठी पोस्टर, तोच ठिपका पुसलात!"

"फ्लॅश आला होता ना," मी म्हटलं. "लाल डोळे आम्ही काळेच करतो."

"लाल असतील तर करा की. पण एक लाल आणि दुसरा पांढरा दिसला, तर डोळ्याच्या आत कॅन्सर असू शकतो. अगदी लहान पोरांना होतो. श्रीमंत देशांत लवकर सापडतो, बहुतेक पोरं वाचतात. आपल्याकडे डोळा सुजून बाहेर आल्यावर आणतात. तोवर तो आत कुठवर गेलेला असतो, काय सांगू."

"पुन्हा छापून देते," मी म्हटलं. पांढरा ठिपका मी याआधीही पुसला होता. माझ्याच भाचीचा.

ती एका जागी ठरत नाही, म्हणून आम्ही तिला भिंगरी म्हणतो. सिस्टर गेल्यावर मी दुकानाचं दार लावून घेतलं आणि तिचे मूळ फोटो उघडले. मूळ फोटो मी कधी उडवत नाही. दुसरा वाढदिवस: तोंडभर केक, डावा डोळा लाल, उजवा पांढरा. त्याच्या आधीचा, ताईच्या दारातला: उजवा पांढरा. सगळ्यात जुना, चौदा महिन्यांपूर्वीचा: उजव्यात बारीकशी पांढरी कोर. चौदा महिने! प्रत्येक वेळी मी दोन्ही डोळ्यांत काळा रंग भरला होता, वर चमकही दिली होती.

ताईकडे गेले आणि लपाछपीच्या निमित्ताने भिंगरीचा उजवा डोळा हाताने झाकला. ती खिदळली. मग डावा झाकला. ती किंचाळली आणि माझा हात ओरबाडून काढला.

दुसऱ्या दिवशी आम्ही दवाखान्यात होतो. ताईला मी एवढंच सांगितलं होतं, की डोळ्यात काहीतरी पांढरं दिसलं. तिला आणखी सांगायची माझी छातीच झाली नाही.

डॉक्टरीणबाईंनी बॅटरी मारून पाहिलं. "स्कॅन लागेल. पांढरं कधीपासून दिसतंय?"

ताईने पिशवीतून अल्बम काढला. मीच करून दिलेला. "बघा ना, एकाही फोटोत नाही. वाढदिवसालासुद्धा डोळे कसे काळेभोर आहेत."

बाईंनी पानं उलटली. "म्हणजे अलीकडचं असावं. स्कॅनला रांग फार मोठी आहे. तुम्हाला तीन आठवड्यांनंतरची तारीख देते."

ताईच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ती हसली. तिने माझा हात घट्ट धरला. "तुझ्यामुळे वेळेवर कळलं गं."

माझ्या दुसऱ्या मुठीत मूळ फोटोंचा पेन ड्राइव्ह होता. गप्प बसले असते, तर ताई जन्मभर माझे उपकार मानत राहिली असती. बाईंनी तारीख लिहायला घेतली.

"थांबा," मी म्हटलं. मूठ उघडून पेन ड्राइव्ह टेबलावर ठेवला. "हे फोटो खरे नाहीत. ठिपका चौदा महिन्यांपासून आहे. मी पुसत आले. मला वाटलं, फ्लॅश आहे."

बाईंनी पेन ड्राइव्ह कॉम्प्युटरला लावला. तीन फोटो पाहिले, चौथा उघडलाच नाही. चिठ्ठीवरची तारीख खोडून त्यांनी आजची घातली आणि आयाला हाक मारली, "हिला आधी घ्या."

ताईने माझा हात सोडला. भिंगरीला कडेवर घेऊन ती आयाच्या मागे निघाली. भिंगरी तिच्या खांद्यावरून मला बघत होती आणि डावा डोळा झाकून म्हणत होती, "मावशी, कुठे गेलीस?"