दूध-मधाचा पेला

आमच्या घराण्याचा एकदा नवा जन्म होऊन गेलेला आहे. छप्पन साली माझ्या वडिलांनी नागपुरात धम्मदीक्षा घेतली, घरी येऊन देव्हाऱ्यातले देव नदीत सोडले आणि ते नवा माणूस झाले. म्हणून माझ्या लेकीने, तनूने, बाप्तिस्म्याचं काढलं तेव्हा माझं डोकंच फिरलं. "एवढ्या कष्टाने मिळालेला जन्म पुरला नाही का गं तुला?"

"आई, इट्स नॉट अगेन्स्ट यू," ती म्हणाली. "आणि आजोबांनी त्यांच्या आईला विचारला होता का?"

बर्मिंगहॅममध्ये वाढलेली पोर. मराठी मोडकं, पण घाव नेमका. त्या आजीला तेव्हा काय वाटलं, हे आमच्याकडे कुणी कधी सांगितलंच नव्हतं.

तरी मी गेले. पोटची एकुलती एक, तिला बापही उरलेला नाही. रुसून घरी बसले असते तर हातची गेली असती. मला ती हवी होती, मग ती कुणाला का मानेना.

तिच्या चर्चची मंडळी सगळं ख्रिस्ती धर्माच्या पहिल्या शतकांतल्या रीतीने करतात. हॉलमध्ये हौद मांडला होता. पास्टर समजावून सांगत होते: त्या काळी माणूस आधी पश्चिमेकडे तोंड करून सैतानाला नाकारायचा, मग अंगावरचे कपडे उतरवून पाण्यात शिरायचा. हे पाणी थडगंही आहे आणि आईचं पोटही. जुना माणूस इथेच मरतो.

मी मनात म्हटलं, त्या जुन्या तनूला नऊ महिने मी वाहिलंय, साहेब.

तिला तीनदा बुडवलं. तिसऱ्यांदा ती वर आली तेव्हा इतकी आनंदात होती की मला तिचा हेवा वाटला, आणि भीतीही. मी टॉवेल घेऊन पुढे होईपर्यंत एका बाईने तिला पांढऱ्या झग्यात गुंडाळलंसुद्धा.

मग पेला आला. दूध आणि मध, तान्ह्या बाळाचं खाणं म्हणून. तनू एक घोट प्यायली आणि सवयीने तिने पेला माझ्यापुढे धरला. लहानपणापासून तिला काही एकटीने खाववत नाही.

त्या बाईने हळूच तिच्या मनगटाला हात लावला. "सॉरी, लव्ह. हे फक्त आज नव्याने जन्मलेल्यांना."

तनूने माझ्याकडे पाहिलं. असू दे म्हणून मी मान हलवली. पण मला वाटलं होतं, ती भांडेल, माझ्याशी भांडली तशी.

तिने पेला मागे घेतला आणि उरलेलं दूध एकटीने पिऊन टाकलं.