अडीच चमचे

"विदाऊट, माधवी! विदाऊट!" कुट्टप्पन चेट्टन ओसरीवरून ओरडले.

"ऐकलंय हो. बहिरी नाही झाले अजून," आतून माधवी चेची म्हणाल्या, आणि लगेच साखरेच्या डब्यात चमचा वाजला. एकदा, दोनदा, मग जरासा.

चेट्टननी माझ्याकडे बघितलं. "अडीच. ऐकलंस ना सेटू?"

मी आटपाडीकडचा गलाईवाला. सोनं गाळायला म्हणून त्रिशूरच्या या बाजूला आलो, त्याला एकतीस वर्षं झाली. आम्हा सगळ्यांना इथे सेटू म्हणतात, खिशात दमडी नसली तरी. इकडे थोरल्यांना चेट्टन आणि चेची म्हणतात, आपण दादा-ताई म्हणतो तसं. हे चेट्टन माझे घरमालक, बसचे निवृत्त कंडक्टर. वर मी, खाली ते दोघं नवरा-बायको. एकुलती एक मुलगी मस्कतला नर्स आहे.

इकडे विदाऊट म्हणजे बिनसाखरेचा चहा. निम्मं गाव तोच पितं. आमच्याकडे विदाऊट म्हणजे बिनतिकीट, असं मी सांगितलं तेव्हा चेट्टन म्हणाले, "म्हणजे तेहतीस वर्षं ज्यांना खाली उतरवलं, त्यांच्यातच जाऊन बसलो की मी."

हे सगळं सुरू झालं ओणमच्या थोडं आधी. चालताना चप्पल पायातून निसटून मागे राहिली तरी त्यांना कळेना, म्हणून मी त्यांना दवाखान्यात नेलं. साखर निघाली पावणेचारशे. डॉक्टरीणबाई अगदी कोवळी पोर. म्हणाली, "अंकल, आजार नवा आहे, अजून मागे फिरता येईल. बारा-पंधरा किलो उतरवा, भात सोडा, चाला. गोळ्यासुद्धा सुटतील कदाचित." चेट्टन "बरं" म्हणाले. घरी येताना फाटकाशी थांबून म्हणाले, "मला हिच्यानंतर जायचंय, सेटू. आधी गेलो तर पोरगी हिला वृद्धाश्रमात ठेवील. तिचाही इलाज नाही. मग ही तिथे सगळ्यांना विचारत बसेल, माझा माणूस कुठाय म्हणून."

कारण चेची दोन वर्षांपासून विसरत चालल्या होत्या. आधी नावं गेली, मग देवळाची वाट गेली. मुलीचा फोनवरचा चेहरा बघून विचारायच्या, "ही बाई रोज कशाला फोन करते?" टिकून राहिलं ते एकच. चार वाजता नवऱ्याचा चहा, आणि त्यात अडीच चमचे साखर. लग्नाच्या पहिल्या आठवड्यात ठरलेलं ते माप.

चेट्टननी एकदा साखरेचा डबा लपवला. चेचींनी सगळं स्वयंपाकघर उपसलं आणि जमिनीवर बसून रडल्या, "आता त्यांना देऊ काय?" डबा परत जागेवर आला. तेव्हापासून चेची कप द्यायच्या, आणि त्यांची पाठ वळली की चहा अंगणातल्या केळीच्या बुंध्याशी जायचा. तिथे मुंग्यांची जत्राच भरली. "आता केळीला गोळ्या चालू करा," मी म्हणालो. चेट्टन हसले नाहीत. म्हणाले, "अडीच घालते ना, तोवर मी कोण ते तिला ठाऊक आहे."

या गावात भात सोडणं म्हणजे जात सोडण्यासारखं. चेट्टननी तो एका दिवसात सोडला. उकडलेले मूग, कारल्याची भाजी आणि वाटीत घेतलेलं माशाचं कालवण. पहाटे नदीच्या धक्क्यापर्यंत जाऊन परत. ओणमला शेजाऱ्यांनी पायसम, म्हणजे खीर, दिलं, ते नुसतं नाकाशी धरून त्यांनी माझ्या हातात दिलं. चहाच्या टपरीवर लोक टोचायचे, "कुट्टप्पा, खायचं नाही तर जगायचं कशाला?"

"ड्यूटी आहे," चेट्टन म्हणायचे.

चौऱ्याऐंशीचे सत्तर किलो झाले. गाल बसले, शर्ट खांद्यावर लोंबायला लागले. जानेवारीत गोळ्या बंद झाल्या. इकडे चेची कप देताना जरा जास्त वेळ त्यांच्या तोंडाकडे बघायला लागल्या होत्या. मला ते दिसत होतं.

एप्रिलात विषूचा सण झाल्यावर शेवटची तपासणी झाली. डॉक्टरीणबाईंनी कागद दोनदा वाचला. "साखरेची तीन महिन्यांची सरासरी पाच पूर्णांक नऊ टक्के, साडेसहाच्या आत. तीही गोळीशिवाय! पण गेला म्हणून समजू नका हं, दबा धरून बसलाय. पायाच्या बोटांची बधिरता थोडी राहील. तपासणी चुकवायची नाही."

"एक विचारू?" चेट्टन म्हणाले. "आज एक कप चहा. अडीच चमच्यांचा."

"मी काही ऐकलं नाही," ती हसून म्हणाली. "आणि उद्यापासून परत विदाऊट."

घरी आलो तेव्हा चार वाजायचे होते. चेट्टननी ओसरीवर बसून शर्टाची बटणं सोडली. आज ते काही ओरडले नाहीत. नुसते आतल्या चमच्याच्या आवाजाकडे कान लावून बसले.

चेची दारात आल्या. त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली. मग चेट्टनकडे बघितलं, आणि खांद्यावरचं वस्त्र नीट ओढून घेतलं.

"सर, पहिल्यांदाच आलात ना?" त्या अदबीनं म्हणाल्या. "आमचे हे ड्यूटीवर गेलेत. चारला येतील. चहात साखर चालते, की विदाऊट?"

मी तोंड उघडणार तोच चेट्टननी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"बरं नाही का तुम्हाला?" चेची म्हणाल्या. "फार वाळलाय. आमचे हे बघा, कसे अंगानं भरलेले. खात जा हो काहीतरी."

चेट्टननी शर्टाची बटणं एकेक करून पार गळ्यापर्यंत लावली. परक्याच्या घरी बसावं तसे पाय जवळ घेतले.

"विदाऊट," ते म्हणाले.

चहा आला. चेट्टननी शेवटच्या घोटापर्यंत पिऊन कप खाली ठेवला. तेवढ्यात आत चमचा वाजला. एकदा, दोनदा, मग जरासा. चेचींनी दुसरा कप आणला, त्यावर बशी झाकली आणि कठड्यावर ठेवला. "हा त्यांचा," त्या म्हणाल्या आणि पायरीवर बसल्या.

चार वाजून गेले. चेट्टन उठले आणि पायरीवर, त्यांच्यापासून हातभर अंतर सोडून बसले. मग दोघंही फाटकाकडे बघत राहिले.