न पोचलेलं मशीन

विक्रीकर खात्याचा माणूस मला पैसे परत द्यायला आला होता आणि मी त्याला दुकानातून हाकलायच्या बेतात होते. ऐकायला वेडगळ वाटेल, पण त्या वर्षी माझं डोकं ठिकाणावर नव्हतंच.

क्रेमर त्याचं नाव. राजधानीतून, मॅडिसनहून, नवे कोरे बूट घालून आलेला, गरीब बिचारा. आमचं दुकान सुपीरिअर तलावाच्या काठावर. फ्रिज, शेगड्या, कपडे धुण्याची मशीनं विकतो. आदल्या हिवाळ्यात माझा धाकटा भाऊ आर्वो एक मशीन घेऊन समोरच्या बेटावर निघाला. तलाव गोठला की आम्ही बर्फावरूनच गाड्या नेतो. वाट कळावी म्हणून कडेने ख्रिसमसची टाकून दिलेली झाडं रोवतो. त्या दिवशी मध्येच बर्फ फाटला. गाडी, मशीन, आर्वो, काहीच वर आलं नाही.

"बाई, त्या मशीनवर तुम्ही कर भरलाय," क्रेमर म्हणाला. "भरायला नको होता."

"विकलं म्हणून भरला. त्यात काय बिघडलं?"

"विकलंच नाही ना. गाडी तुमची, माणूस तुमचा. गिऱ्हाइकाच्या घरात पोचेपर्यंत माल तुमचाच. गिऱ्हाइकाने दुकानातून स्वतः नेलं असतं आणि मग बुडालं असतं, तर विक्री झाली असती. इथे माल वाटेतच गेला. विक्री नाही, म्हणून कर नाही. त्यांची रक्कम त्यांना द्या, तुमचा कर आम्ही देतो. फक्त माल पोचला नाही एवढं सांगा."

"पोचला."

"अहो बाई, तो तळाशी आहे."

"माझ्या भावाने उभ्या जन्मात एक फेरी चुकवली नाही, साहेब. अंगात ताप असताना पोचवलंय त्याने. तो पोचला नाही हे माझ्या तोंडून निघणार नाही. आणि डेल्फीनबाईंची कुठे तक्रार आहे?"

ते खरंच होतं. मशीन डेल्फीनबाईंचं. मी पैसे पाठवले तर त्यांनी ते परत धाडले, वर निरोप दिला, आधी तू ये. मी गेले नव्हते. आर्वो गेल्यापासून त्या पाण्याकडे बघायचीही मला भीती वाटायची.

"मग त्यांनाच विचारू," क्रेमर म्हणाला. चिकट माणूस. एकट्याला बर्फावर सोडलं असतं तर खात्याला आणखी एक हिशेब करावा लागला असता, म्हणून मीच गाडी काढली.

"पट्टा सोडा," मी म्हटलं. "दार किलकिलं ठेवा."

"ते कशाला?"

"बर्फ फुटला तर उडी मारायला."

त्यानंतर बेट येईपर्यंत तो कराबद्दल चकार शब्द बोलला नाही.

डेल्फीनबाई ऐंशीच्या पुढच्या, पण जीभ अजून चाकूसारखी. "आलीस एकदाची," म्हणाल्या. आम्हाला कॉफी दिली. स्वयंपाकघरात मोरीशेजारी मशीनची जागा रिकामी होती, नळी भिंतीतून बाहेर डोकावत होती. क्रेमरने ती पाहिली आणि घसा साफ केला.

"म्हणजे मशीन पोचलं नाही."

"रोज येतं की," बाई म्हणाल्या. "बर्फावरची वाट सुरू झाली की दिवे लागायच्या वेळेला तो येतो. दाराबाहेर उभा राहतो. मी म्हणते, ठेव बाबा आत. तो म्हणतो, सिल्वी हो म्हणू दे." मग माझ्याकडे वळल्या. "तुमची काहीतरी पद्धत होती ना?"

होती. माल बसवला की आर्वो गिऱ्हाइकाच्या घरून मला फोन करायचा. मी म्हणायची, बरं, ये आता घरी. तेव्हाच त्याचं काम संपायचं. त्याआधी तो कॉफीसुद्धा घ्यायचा नाही, इतका हट्टी.

"एवढं म्हण त्याला आणि सोडव," बाई म्हणाल्या. "थंडीने काकडलेला असतो गं पोर."

मला राग आला, काय सांगू. वर्षभर मी घरी त्याची वाट बघत बसले आणि हा परक्या बाईच्या दारी येतो. तेवढ्यात बाहेर गाडी थांबली. आमच्या बुडालेल्या गाडीचं इंजिन, ते धापा टाकणं मला झोपेतही ओळखू आलं असतं. क्रेमरने खिडकीतून पाहिलं. अंगणात फक्त माझी गाडी होती. तो खाली बसला, कप हातात तसाच धरून.

दारावर थाप पडली. "मशीन आणलंय. सिल्वीला विचारता?"

मी उठले. दाराला कपाळ टेकवलं. फळीखालून पाणी आत येत होतं, माझे मोजे भिजले. घरी ये म्हटलं की तो सुटणार होता. आणि मग हा आवाज मला पुन्हा कधी ऐकू येणार नव्हता.

"आर्वो," मी म्हटलं, "जेवलास का रे?"

"नाही गं. आधी हे ठेवतो. ठेवू ना?"

माझा जीव तुटत होता. "आज नको," मी म्हटलं. "उद्या आण."

मग तो दमलेल्या आवाजात "बरं" म्हणाला आणि गाडी तलावाकडे गेली.

"माणूस आहेस का कोण आहेस तू?" डेल्फीनबाई रडत होत्या. मी क्रेमरकडे वळले.

"लिहा साहेब. माल पोचला नाही. विक्री झाली नाही."

खात्याने कर परत केला. डेल्फीनबाईंना मी त्यांची रक्कम दिली, त्यांनी मुकाट्याने घेतली. दुसरं मशीन मात्र मी त्यांना विकत नाही, आणि दुसऱ्या कुणाचं त्या घेत नाहीत. हिवाळा लागला की मी बेटावर त्यांच्याकडे राहायला जाते. त्या माझ्याशी बोलत नाहीत. दिवे लागले की तो येतो, दात वाजत असतात त्याचे, आणि मी त्याला उद्या ये म्हणते.