खोटा चावा

देवाने माणसाला तोंड दिलं ते घास खायला आणि त्याचं नाव घ्यायला. माणसाने त्याचा तिसराच उपयोग शोधून काढला, लपवायचा. दातांच्या दवाखान्यात मदतनीस असलेल्या या मुलीने अशी लपवलेली तोंडं पाच वर्षं रोज पाहिली होती. कुणी हात आडवा धरायचं, कुणी रुमाल, कुणी मान खाली घालून छातीशीच बोलायचं. आणि गेले सहा महिने ती स्वतः आपल्या बापापासून तोंड लपवत होती, तेही त्याच्याच टेबलाशी, त्याच्याच शेजारी बसून.

बाबा कवळ्या बनवत. घराची पुढची खोली म्हणजेच त्यांचं दुकान. खिडकीखाली लांब टेबल, मेण वितळवायचा दिवा, प्लास्टरचे साचे आणि खणाखणांच्या पेटीत रंगाप्रमाणे लावलेले दात. चार गल्ल्या सोडून दातांच्या डॉक्टरीणबाईंचा दवाखाना होता. त्यांना सगळे मॅडम म्हणत. त्यांच्याकडचं कवळ्यांचं सगळं काम बाबांकडे यायचं. मुलगी दिवसभर तिथे हत्यारं उकळायची, रुग्णांच्या जबड्यांचे ठसे घ्यायची, आणि संध्याकाळी ते ओल्या फडक्यात गुंडाळून घरी आणायची. तिचा हात इतका हलका की रडकी पोरंसुद्धा तिच्यासमोर आ करायची. तू डॉक्टरच हो, असं मॅडमनी एक दिवस सहज म्हटलं आणि ते घरात येऊन बसलं ते बसलंच.

दंतवैद्यकाच्या कॉलेजात अर्ज करायचा तर आधी भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र करून यावं लागे. संध्याकाळच्या वर्गांना जाऊन तिने ते दोन वर्षांत केले. जीवशास्त्रात बरे गुण मिळाले. भौतिकशास्त्र जेमतेम निघालं. रसायनात पहिल्यांदा एकतीस पडले, पुन्हा बसली तेव्हा बेचाळीस. बाबांनी विचारलं तेव्हा तिने, झाले एकदाचे विषय, असं सांगितलं. किती मिळाले, तर म्हणे बरे मिळाले. तीनपैकी एका विषयापुरतं ते खरंही होतं.

त्या दिवसापासून बाबा तिला 'डॉक्टर' म्हणायला लागले. डॉक्टर, जरा मेण द्या. डॉक्टर, जेवायला चला, गार होतंय. घरात विधवा आत्या होती, ती तर बाबांच्या चार पावलं पुढे. दाराशी आलेल्या शेजारणीला ती पोरीपुढे तोंड उघडायला लावायची. "आत्ताच दाखवून घे गं," म्हणायची, "पुढे नंबर लावावा लागेल." शेजारीण हसत हसत आ करायची, आणि मुलीला वाटायचं, जमीन दुभंगावी आणि आपण टेबलासकट आत जावं.

रसायनाची गाडी अडली कुठे, तेही सांगायला हवं. पहिल्याच आठवड्यात सरांनी फळ्यावर 'मोल' असं लिहिलं आणि एका मोलचं वजन काढायला सांगितलं. हिच्या घरी मोल म्हणजे किंमत. कामाचं मोल, कष्टाचं मोल. हिने भाबडेपणाने हात वर केला आणि विचारलं की किमतीचं वजन कसं काढायचं. वर्गाने जे दात काढले, ते तिला अजून एकेक करून आठवत. सर म्हणाले, "मोलभाव करायचा तर बाजारात जा, इथे कशाला आलात?" पुन्हा हशा. तिथून पुढे ती शेवटच्या बाकावर बसली आणि तिच्या तोंडाला दातखिळी बसली. मोल कळलं नाही म्हणून त्याच्या पुढचं कळलं नाही, आणि पुढचं कळेना म्हणून विचारायची लाज वाढत गेली. दुसऱ्या वर्षी नवीन सर आले, तरी तिचं बाक तेच राहिलं.

अर्जात एक चौकट होती. कुठल्या विषयात गुण कमी असतील तर कारण लिहा, असं तिथे छापलं होतं. तीन दिवस तिने ती चौकट कोरी ठेवली. मी भरवर्गात वेड्यासारखा प्रश्न विचारला आणि मग दोन वर्षं गप्प बसले, असं कुठल्या तोंडाने लिहायचं? चौथ्या दिवशी लिहिलं की वडील दीर्घ आजाराने अंथरुणाला खिळले होते आणि त्यांच्या सेवेत अभ्यास मागे पडला. बाबांना त्या काळात प्लास्टरच्या धुळीने खोकला झाला होता खरा. आठ दिवसांचा. तो तिने दोन वर्षांपर्यंत ताणला. लिहून झाल्यावर वाचलं, तर इतकं छान उतरलं होतं की तिच्याच डोळ्यांत पाणी आलं. शिफारसपत्र मॅडम लिहिणार होत्या, म्हणून अर्जाची एक प्रत त्यांना दिली. अर्ज पाठवायची शेवटची तारीख शुक्रवार होती.

मंगळवारी संध्याकाळी मॅडम स्वतः दुकानात आल्या. त्यांच्या हातात डबी होती आणि डबीत एका म्हाताऱ्या शिंप्याची कवळी, परत आलेली. साच्यावर ठेवली की दृष्ट लागावी अशी बसते, त्या म्हणाल्या, पण आजोबांच्या तोंडात वरचे दात एकीकडे आणि खालचे दुसरीकडे. भाकरीचा तुकडासुद्धा तुटत नाही. बाबांनी ती दिव्याखाली धरली. मुलगी शेजारी मेणाच्या पट्ट्या कापत होती.

जाता जाता मॅडम दारात थांबल्या. अर्ज वाचल्याचं त्यांनी सांगितलं आणि अगदी मनापासून बोलल्या.

"दोन वर्षं एवढं आजारपण काढलंत आणि माझं एक काम उशिरा दिलं नाहीत. मला सांगायचं तरी."

मुलीच्या हातातली सुरी मेणात तशीच रुतून राहिली. बाबांनी कवळीवरून नजर काढली नाही. ती एकदा उलटी केली, एकदा सुलटी केली.

"आता बरा आहे मी," ते म्हणाले. "तेव्हा नव्हतो."

तब्येतीला जपा, असं सांगून मॅडम गेल्या. त्यांची पाठ वळते न वळते तोच आतून आत्या आली. कसलं आजारपण, कुणाचं, मला कसं ठाऊक नाही, तिचे प्रश्न थांबेनात. खोकला झाला होता ना मला, बाबा म्हणाले. आत्या म्हणाली, तो तर आठ दिवसांचा. "मोठा होता," असं म्हणून बाबांनी दिव्याची वात सारखी केली. आत्या दोघांच्या तोंडाकडे पाहत उभी राहिली आणि काय समजायचं ते समजून आत गेली.

जन्मात खोटं न बोललेला बाप आपल्यासाठी आत्ता, आपल्या देखत खोटं बोलला, हे मुलीला पुरतं कळलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते कवळीच पाहत होते. मग म्हणाले, "चावा खोटा घेतलाय."

मुलीला वाटलं, हे आपल्यालाच. पण ते बोलत होते ते कवळीबद्दलच. कवळी करण्याआधी रुग्णाला मऊ मेण चावायला देतात, म्हणजे जबडे मुळात कसे मिटतात ते कळतं. त्याला ते लोक चावा म्हणत. हल्ली दवाखान्यातला चावा मुलगीच घ्यायची. ज्याला आपल्या बोळक्या तोंडाची लाज वाटते, बाबा म्हणाले, तो माणूस चारचौघांत जबडा पुढे काढून बसतो, म्हणजे ओठ भरलेले दिसतात. मेणही तसंच चावतो. त्या चाव्यावर केलेली कवळी साच्यावर नुसती बघत राहावी अशी होते, आणि जेवणाच्या वेळी उपयोगाची नसते.

"उद्या बोलाव त्यांना. मी येतो."

मग उठून हात धुवायला गेले. जेवायला बसले तेव्हा त्यांनी तिला डॉक्टर म्हटलं नाही. नुसतं, चल, म्हणाले. सहा महिने जो शब्द कानाला टोचत होता, तो नाही म्हटल्यावर त्याहून जास्त टोचलं.

दुसऱ्या दिवशी शिंपी आजोबा तोंडावर रुमाल धरूनच खुर्चीत बसले. बाबा भिंतीशी उभे राहिले आणि मेण त्यांनी मुलीच्याच हातात दिलं. तिने ते गरम पाण्यात मऊ केलं. जिभेचं टोक टाळूला जितकं मागे नेता येईल तितकं न्यायचं, तिथेच ठेवून आवंढा गिळायचा आणि मग हलकेच मिटायचं, असं बाबांनी आजोबांना समजावलं. जीभ मागे गेली की माणसाला जबडा पुढे काढताच येत नाही.

मुलगी आजोबांना म्हणाली, मागच्या वेळी मी घाई केली, चूक माझी. आजोबांनी रुमाल मांडीवर ठेवला.

"नाही गं पोरी. तूच इतकी नीटनेटकी, तुझ्यासमोर बोळकं दाखवायला कसंतरी वाटलं. म्हटलं, जरा बरं दिसावं." आणि मग हसले, दात नसलेलं, मोकळं हसू. "बरं दिसलो, आणि महिनाभर पेज प्यालो."

या वेळी मेण नीट चावलं गेलं. मुलीने ते थंड पाण्यात सोडलं, हात पुसले, आणि हात पुसलेला रुमाल तसाच मुठीत घेऊन ती मॅडमच्या खोलीत गेली. जे सांगायचं ते तिने उभ्यानेच सांगितलं. आजार नव्हता, आठ दिवसांचा खोकला होता. बाबांना ठाऊक नव्हतं, काल ते माझी लाज राखायला हो म्हणाले. गुण माझेच आहेत.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी खणातून आपलं शिफारसपत्र काढलं.

"यात मी लिहिलंय, ही मुलगी कधी खोटं बोलत नाही." त्यांनी पेन उचलून त्या ओळीवर रेघ मारली, अगदी सरळ, पट्टी धरावी तशी. "बाकीचं खरं आहे. ते राहू दे. पुन्हा टाइप करून घे."

ते पत्र तिने स्वतःच टाइप केलं. ती एक ओळ गाळून. बोटं ओळीच्या जागी येऊन अडली तेव्हा कानशिलं तापली. देवाच्या दारात उभं राहून पापाचा पाढा वाचणं सोपं, तो दयाळू आहे. माणसाने पुसलेल्या ओळीशेजारी बसणं कठीण.

संध्याकाळी तिने गुणपत्रिका बाबांच्या टेबलावर ठेवली. दातांच्या कडा तपासायचं भिंग घेऊन त्यांनी ती वाचली, जसा एखादा साचा वाचावा. एकतीस. बेचाळीस. भिंग खाली ठेवून म्हणाले, "मला वाटलं होतं, जास्त असतील." आणि गुणपत्रिकेची नीट घडी करून ती दिव्यापासून लांब ठेवली.

मग म्हणाले, "माझं आजारपण मला आधी सांगायचंस. मॅडमसमोर जरा खोकलो तरी असतो." बोलताना त्यांच्या तोंडाचा एक कोपरा हलला. मुलीला हसूही आलं आणि रडूही, आणि दोन्हीपैकी कुठलंच नीट जमलं नाही.

घोडं कुठे अडलं, त्यांनी विचारलं. तिने मोलची गोष्ट सांगितली, हशासकट. बाबा हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "मग मोल म्हणजे काय?"

दोन वर्षांत हा प्रश्न तिला कुणी असा विचारला नव्हता. तिने दातांची पेटी ओढली. तुम्ही एक संच म्हणता तेव्हा अठ्ठावीस दात आलेच ना, ती म्हणाली, वेगळे मोजावे लागत नाहीत. तसं मोल म्हणजे एक ठरलेला आकडा. फक्त कण इतके बारीक की मोजणं अशक्य, म्हणून वजन करून ओळखायचं, इतकं वजन भरलं की एक संच झाला. सांगता सांगता ती थबकली. हे आपल्याला येतं, हे तिला आत्ताच कळत होतं.

"म्हणजे मी प्लास्टर मोजत नाही, तोलतो, तसंच," बाबा म्हणाले. "एवढंच? आणि एवढ्यासाठी ते हसले?"

गुरुवारी तिने चौकटीत नव्याने लिहिलं. प्रश्न विचारला, हसं झालं, त्यानंतर विचारायची लाज वाटली, चूक माझी. चार ओळी. आधीच्या मजकुराइतक्या त्या छान नव्हत्या आणि वाचून कुणाच्या डोळ्यांत पाणी आलं नसतं. शुक्रवारी अर्ज गेला.

दोन महिन्यांनी उत्तर आलं. या वर्षी प्रवेश देता येत नाही. रसायनशास्त्र पुन्हा करावं, साठ गुण मिळवावेत, मग अर्जाचा विचार होईल. मुलीने ते दुकानात उभं राहून मोठ्याने वाचलं, कारण शिंपी आजोबा कवळी घासून घ्यायला आले होते, आत्या दारात होती, आणि आता कुणाच्या पाठीमागे वाचण्यासारखं काही उरलं नव्हतं. तोंड लाल झालं, पण तिने ते वरच ठेवलं. आजोबा म्हणाले, माझी कवळीसुद्धा दुसऱ्यांदाच बसली. आत्या तेवढ्यापुरती गप्प बसली, हेही काही कमी नव्हतं.

वर्ग सहाला सुरू व्हायचा. साडेपाचला तिने वह्या उचलल्या. बाबा मेणात दात रोवत होते. मान वर न करता त्यांनी विचारलं, "डॉक्टर म्हणू का नको?"

"अजून नको," ती म्हणाली.

"बरं," म्हणून त्यांनी पुढचा दात उचलला. ती पहिल्या बाकावर जागा मिळावी म्हणून भरभर चालू लागली.